राज्यपाल वाडीवर आले तो कापणीचा हंगाम

बदलापूरच्या खरवईत आमच्या इमारतीमागे अजून एक भाताचं शेत उरलं आहे. दोन्ही बाजूंना उंच इमारती, पुढे सिमेंटचा नवा रस्ता आणि मधे तो चिंचोळा तुकडा. दर पावसाळ्यात मला वाटतं, यंदा इथे काही लावणार नाहीत, आता पत्रे ठोकले जातील, बोर्ड लागेल. आणि दरवर्षी मालक लावणी करतोच. परवा सकाळी बाल्कनीचं दार उघडलं तर कापलेल्या भाताचा वास वर आला. दवानं भिजलेल्या पेंढ्याचा, किंचित गोड, किंचित धुळकट. चहाचा कप हातात धरून मी तशीच उभी राहिले. निवृत्त झाल्यापासून सकाळी घाई कसलीच नसते. तरी उशीर झाल्यासारखं वाटायला लागलं. कुठेतरी जायचं आहे, मुलं फाट्यावर वाट बघत असतील, असं.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो फाटा आहे. तिथून डोंगराच्या अंगानं चढत जाणारी एक वाट, आणि वाट संपते तिथे ठाकर आदिवासींची वरची वाडी. कुडाची घरं, उतारावर पायऱ्यांसारखी उतरलेली खाचरं, आणि सगळ्यांच्या मधे वाडीतली एकुलती एक सपाट जागा, ती म्हणजे खळं. एका वर्षी ऐन कापणीच्या दिवसांत त्या खळ्यावर राज्याचे राज्यपाल आले होते. तो हंगाम माझ्या आयुष्यातून गेला, पण संपला नाही.

तेव्हा मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते आणि बाबांबरोबर अंबरनाथ पश्चिमेला राहत होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, लग्न मी केलं नव्हतं. बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले. स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावर आमचं दोन खोल्यांचं घर, पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडे गॅलरी असलेलं.

राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती असतात, हे मला इतके दिवस फक्त पदवीच्या कागदावरच्या सहीपुरतं माहीत होतं. त्या वर्षी नवे राज्यपाल आले. लांबच्या, डोंगराळ राज्यातले. त्यांनी कॉलेजांना सांगितलं की प्रत्येकानं एक आदिवासी पाडा आपला मानावा. एक दिवस झाडं लावून फोटो काढण्यापुरता नव्हे, वर्षभर जाऊन-येऊन. आमचे प्राचार्य सिंधी गृहस्थ होते, अतिशय सज्जन. त्यांनी मला बोलावून सांगितलं, मॅडम, ये काम आपही करो, आपको गाव का शौक है. मला गावाचा असा काही शौक नव्हता. माझा जन्म अंबरनाथचा. पण मराठी शिकवणाऱ्या बाईला गावाचं प्रेम असणारच, अशी त्यांची समजूत होती आणि ती मोडणं मला जमलं नाही.

पहिल्यांदा गेलो तो दिवस आठवतो. बरोबर विद्यार्थ्यांचा घोळका. त्यात उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी कापडवाल्यांची मुलं होती, अंबरनाथ-बदलापूरकडची मराठी मुलं होती, आणि चढ अर्धा होत नाही तोच, मॅम, इधर तो रेंजच नाही, अशी कुरकुर सुरू झाली होती. वर पोचलो तर वाडी रिकामी. घरांना नुसत्या कड्या. सगळी माणसं खाचरांत वाकलेली. आम्हाला कुटुंबांची माहिती विचारायची होती, पण कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. शेवटी एक बाई कमरेवर हात देऊन उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. उन्हानं रापलेली, अंगानं काटक, डोळ्यांत मिश्कील काहीतरी. तिनं आम्हाला नीट न्याहाळलं आणि म्हणाली की विचारायचं ते कापता कापता विचारा. आणि एक विळा माझ्या हातात दिला.

ती जानकी. मी तिला जानकीताई म्हणायचे, ती मला बाई.

त्या दिवशी मी कापलं ते भात तिला पुन्हा नीट बांधावं लागलं असेल. पण पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो, त्याच्या पुढच्याही. मुलांना तिथली सवय झाली. बांधावर बसून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायची, झऱ्याचं पाणी प्यायचं, दुपारच्या उन्हात पेंढ्यावर आडवं व्हायचं. कार्तिकातलं ऊन पाठीवर हळूहळू चढायचं. तिकडून खाली पाहिलं की बदलापूरच्या नव्या इमारती दिसत, काड्यापेट्या उभ्या करून ठेवल्यासारख्या. जानकीचा नवरा त्यांपैकीच कुठल्यातरी इमारतीवर विटा वाहायला जायचा. ती म्हणायची, तिथं पोचाया दिस जातो आनि बगाया डोळ्याची पापनी लवती तेवडंच.

जानकीची धाकटी मुलगी सुगंधा तेव्हा सातवीत होती. वाडीखालच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग. पुढे बदलापूरला जायचं तर फाट्यापर्यंत उतरायचं, तिथे कधी येईल ती जीप बघायची आणि अंधार व्हायच्या आत परतायचं. आजवर वाडीतल्या कुठल्याच मुलीला ते जमलं नव्हतं. सुगंधा हुशार होती. माझ्या विद्यार्थिनींच्या ओढण्या, पर्सा न्याहाळता न्याहाळता त्यांची पुस्तकं हातात घ्यायची आणि मोठ्यांदा वाचत सुटायची. तिचं पुढे काय, हा प्रश्न त्या घरात कुणी बोलत नव्हतं. पण भात कापून होत आलं तसा तो जवळ येत होता.

संध्याकाळी मी घरी परतायचे तेव्हा बाबा गॅलरीत असायचे. कठड्यावर दोन्ही कोपर टेकून. मी कोपऱ्यावरून वळले की ते आत जायचे आणि मी वर पोचेपर्यंत चहाचं आधण ठेवलेलं असायचं. केसांत अडकलेलं भाताचं कुसळ काढून ते बोटांत फिरवत बसायचे. सगळं विचारायचे. आणि मग स्वतःची बातमी सांगायचे. त्यांची बातमी म्हणजे राज्यपालांचा दिवस.

आम्ही त्यांच्या सांगण्यावरून डोंगर चढतो म्हटल्यावर बाबांनी राज्यपालांना जवळजवळ घरातलंच धरलं होतं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर लहानशा टाइपात त्यांचा कार्यक्रम येई. तो ते भिंग लावून वाचत. आज दीक्षान्त समारंभाला गेले. आज कुठल्यातरी देशाचे राजदूत भेटून गेले. दुपारी क्षयरोगाच्या रुग्णांना आहार देण्याबद्दल बैठक घेतली, संध्याकाळी सैनिकांच्या विधवांचा सत्कार. बाबांना काळजी वाटायची, या माणसाला दुपारी जरा आडवं व्हायला मिळत असेल का. एकदा म्हणाले, दिवसभर लोक भेटायला येतात त्याला, पण सगळे जाणारेच. रात्री एवढ्या मोठ्या घरात तो जेवतो कुणाबरोबर?

मी हसले होते तेव्हा. आज या घरात ताट वाढून घेताना कधीकधी तेच वाक्य ऐकू येतं.

मग एक दिवस प्राचार्यांनी सांगितलं की राज्यपाल आमच्या वाडीवर येणार आहेत. कॉलेजांचं काम कसं चाललं आहे ते स्वतः बघायला. वाडीवर अर्धा तास थांबतील. त्यांना मराठी बेताचीच येते, तेव्हा वाडीच्या लोकांचं बोलणं हिंदीत करून सांगायचं काम माझं.

बाबांनी ही बातमी ऐकली आणि उठून शर्टाची बटणं लावली, जणू ते आत्ताच येणार होते.

त्यानंतरच्या दिवसांत वाडी ओळखू येईना. वाटेवर खडी पडली, रोलर फिरला. पहिल्यांदाच गाडी वरपर्यंत जाईल असा रस्ता झाला. मांडवाला जागा हवी होती आणि सपाट जागा एकच, खळं. तिथे अख्ख्या वाडीचं भात भाऱ्यांनी रचून ठेवलेलं. ते झोडून, उफणून घरात गेल्याशिवाय मांडव उभा राहणार नव्हता. तहसील कचेरीतले एक साहेब रोज येऊन त्या भाऱ्यांकडे बघत आणि कपाळ पुसत. वाडीतली म्हातारी माणसं कुरकुरली की भात अजून वाळलेलं नाही. पण जानकी म्हणाली, पाव्हना येतोय तर घर झाडायलाच होवं. आणि पहिला भारा तिनंच उचलला.

ते झोडणीचे दिवस माझ्या आठवणीत सगळ्यांत पिवळे आहेत. लाकडी बाजेवर पेंढ्या आपटण्याचा आवाज, एकामागून एक, एकदा लय लागली की थांबावंसं न वाटणारा. हवेत तूस उडत असायचं, उन्हात चमकायचं, घामावर बसून खाजायचं. कॅम्पातली मुलं हाताला फोड आले तरी थांबेनात. त्यातल्या एकाच्या दुकानातून मांडवाचं कापड आलं, भगवं आणि पांढरं. पोरी दाण्यांच्या राशीत पाय खुपसून बसायच्या. आतून ती रास कोमट असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अशाच एका दुपारी जानकी सूप घेऊन वाऱ्याकडे तोंड करून उफणत होती. मी शेजारी दाणे भरत होते. साहेब नुकतेच तिला भाषण शिकवून गेले होते. वाडीच्या वतीनं तिनं बोलायचं ठरलं होतं. राज्यपालांचे आभार मानायचे आणि मग मुलींसाठी वसतिगृह मागायचं, असं ते छोटंसं भाषण. साहेबांनी मनापासूनच लिहिलं होतं. वसतिगृह झालं तर सुगंधाचा प्रश्न सुटत होता. मी तिला म्हटलं की चांगलंच होईल.

तिनं सूप खाली ठेवलं. तिची थोरली मुलगी अशीच एका निवासी शाळेत गेली होती, लांब, मुरबाडच्या पलीकडे. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिथे काही वाईट झालं नाही, जानकीनं मुद्दाम सांगितलं. पोट भरून जेवायला मिळायचं, तिथल्या बाई मायाळू होत्या. फक्त सुट्टीला आली की पोर गप्प असायची. चुलीपाशी बसायची नाही. पहिल्या वर्षी रात्री आईच्या कुशीत आली, पुढल्या वर्षी वेगळी गोधडी मागून घेतली. मग तिकडेच मैत्रिणीच्या भावाशी तिचं जमलं आणि लग्नही झालं. सुखात आहे.

“सुखात हाय,” जानकी म्हणाली. “पन माजी पोर पाव्हनी झाली, बाई. घरात आली तरी पाव्हनीच.”

तिनं पुन्हा सूप उचललं. तूस वाऱ्यावर गेलं, दाणे खाली पडत राहिले.

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरून वळले तर बाबा नेहमीसारखे गॅलरीत होते. मी त्या दिवशी लगेच वर गेले नाही. खाली उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. चाळिशी ओलांडलेली बाई मी, पगार मिळवणारी. आणि माझ्यासाठी रोज कुणीतरी असं उभं असतं, हे मला त्या दिवसापर्यंत नीट दिसलंच नव्हतं.

राज्यपाल आले तो दिवस स्वच्छ होता. गाड्यांची रांग डोंगर चढून आली. पांढरे कपडे, अंगावर साधी शाल, चालणं थकलेलं पण ताठ. बाबांच्या बातम्यांतून मी त्यांच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की पहिल्यांदा बघते आहे असं वाटेना. बायकांनी ओवाळलं, मुलींनी नाच केला. नव्या तांदळाची पेज द्रोणातून पुढे केली तेव्हा बरोबरचे अधिकारी जरा चुळबुळले. राज्यपालांनी द्रोण तोंडाला लावला आणि सावकाश, सगळी प्यायले.

मग जानकी उठली. धुवट हिरवं लुगडं, केस चापून बसवलेले. आभाराचे शब्द तिनं बिनचूक म्हटले. मग थांबली. साहेब खालून ओठ हलवून आठवण करून देत होते. तिला आठवत होतं, मला दिसत होतं ते. ती विसरली नव्हती. सुगंधा पुढच्या रांगेत बसली होती आणि जानकी तिच्याकडे बघत होती.

राज्यपाल माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले की त्यांना घाई करू नका. त्यांना स्वतःला काय हवंय ते विचारा. मी विचारलं.

जानकीनं माइकपासून तोंड बाजूला घेतलं आणि सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाली, “पोरीनं शिकावं. लई शिकावं. पन सांजच्याला घरा यावं.”

एवढंच. मी ते हिंदीत सांगितलं. मग तिची थोरली मुलगी, फाटा, नसलेली बस, कधी येईल ती जीप, अंधार, हे सगळं मी थोडक्यात सांगितलं. साहेबांनी मान खाली घातली होती, पण रागावले नव्हते.

राज्यपालांनी विचारलं, पुढची शाळा कुठे आहे. जानकीनं हात लांब करून खालच्या इमारती दाखवल्या. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग म्हणाले की आपणही लहानपणी वसतिगृहात राहून शिकलो, आणि त्याचे उपकार विसरण्यासारखे नाहीत. त्यानंतर त्यांनी आईबद्दल काहीतरी म्हणायला सुरुवात केली आणि वाक्य अर्धंच सोडलं. त्या अर्ध्या वाक्याचं मला भाषांतर करता आलं नाही. वाडीतल्या बायकांना त्याची गरजही वाटली नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते मात्र मी शब्दाशब्दानं सांगितलं, कारण त्यांनी तसं बजावलं होतं. “मी तुम्हाला बस देऊ शकत नाही. तो अधिकार माझा नाही. मी सांगू शकतो आणि विचारत राहू शकतो. तेवढं मी करीन.”

वाडी जरा निराश झाली. एवढा मोठा माणूस, आणि म्हणतो माझ्या हातात नाही. गाड्या उतरून गेल्या, मांडव सुटला, खळ्यावर पुन्हा कोंबड्या आल्या. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की बघ तू, विचारत राहील. खोटं आश्वासन द्यायचं असतं तर त्याच वेळी दिलं असतं.

आणि खरंच तसं झालं. त्यांच्या कार्यालयातून फोन यायचे. आधी तहसिलीत, मग बस आगारात, मग आमच्या कॉलेजात. वाडीच्या बसचं काय झालं? आवाज दर वेळी वेगळा, प्रश्न तोच. साहेबांनीही मनावर घेतलं. त्या खडीच्या रस्त्यावर डांबर पडेपर्यंत ते धावपळ करत राहिले. बाबा रोज त्या लहान टाइपात बस शोधत. तिथे राजदूत असायचे, पदवीदान असायचं, बस कधीच नसायची. सुगंधाचं आठवीत नाव घातलं होतं, तोवर ती जमेल त्या दिवशी जीपनं जायची. पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी बदलापूर स्टेशनवरून ती निघाली. सकाळी मुलींना घेऊन खाली, संध्याकाळी परत वर.

बाबा त्या पहिल्या बसनं गेले. गुडघे दुखत होते, मी नको म्हटलं, ऐकलं नाही. खिडकीजवळ बसून प्रत्येक वळणावर मला विचारत होते की हीच का ती वाट. वर पोचल्यावर जानकीनं त्यांना बाबा म्हणूनच हाक मारली आणि खळ्याच्या कडेला घोंगडी अंथरून बसवलं. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. ते म्हणाले, आता मला तुझे शनिवार दिसतील.

त्यांना फार शनिवार मिळाले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी झोपेत, ते गेले. काही महिने मी कोपऱ्यावरून वळताना मान खाली घालून चालत असे, वर बघायला नको म्हणून. मग ते घर सोडलं आणि इकडे खरवईला आले. इथे लिफ्ट आहे, सुरक्षारक्षक आहे, खालून वर बघितलं तर आपली बाल्कनी कुठली ते मोजावं लागतं.

राज्यपाल त्याआधीच दुसऱ्या राज्यात गेले होते. नवे आले, नंतर आणखी नवे. वर्तमानपत्रात अजून कधीतरी तो कार्यक्रम दिसतो. भेटी, समारंभ, बैठका. मी पूर्ण वाचते. त्या कोरड्या ओळींमागे कुठेतरी, कुठल्यातरी डोंगरावर कुणीतरी खळं झाडत असेल, हे आता मला ठाऊक आहे.

परवा तो वास आला आणि मी त्याच दिवशी निघाले. फार दिवसांनी. संध्याकाळच्या बसनं, शाळेच्या मुलींबरोबर. त्या हिंदी-मराठी मिसळून काहीतरी हसत होत्या, एकीच्या कानात मोबाइलचं गाणं होतं. रेंज आता वरपर्यंत आहे. सुगंधा याच बसनं दहावी झाली, बारावी झाली, आणि मग नर्सिंगला पुण्याकडे गेली. तिथेच नोकरी, तिथेच संसार. दिवाळीत येते. हे मला फोनवर कळत होतं. म्हणजे शेवटी ती गेलीच. पण मधली सगळी वर्षं ती रोज संध्याकाळी घरी होती.

बस वर थांबली तेव्हा ऊन डोंगराआड उतरत होतं. थांब्यावर बायका उभ्या होत्या. त्यांत जानकी. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. मी येणार हे तिला ठाऊक नव्हतं. मी कळवलंच नव्हतं. एका लहान मुलीचं दप्तर तिनं काढून घेतलं, तिची आई अजून शेतात होती म्हणून, आणि तिला घराकडे पिटाळलं. मग मी दिसले.

मी विचारलं, सुगंधा नाही, मग तू कुणासाठी उभी आहेस.

“कुनाची तरी पोर येतेच की,” ती म्हणाली. आणि माझ्या खांद्यावरची पिशवी काढून तिनं आपल्या खांद्याला लावली.